एकशे दहा पावलं

३ जून, मंगळवार

करारनामा आला! अकरा पानं. दोनदा वाचला, हातात पेन्सिल घेऊन.

पुस्तकाचं नाव 'धुरा' (आमच्याकडे शेताच्या बांधाला म्हणतात). इन्स्टाग्रामवर माझ्या पानाचं आहे तेच. एकशे सेहेचाळीस चित्रस्ट्रिप झाल्यात, त्यांतल्या शंभर घेणार. पुण्याच्या संपादक अनुजा देव फोनवर म्हणाल्या, "सुरुवात १३१ नंबरच्या स्ट्रिपने करू. तीच पुस्तकाची जान आहे. वीस तारखेपर्यंत सही करून पाठवा."

कलम ७ : 'सर्व पात्रे काल्पनिक असून कोणत्याही हयात व्यक्तीशी त्यांचा संबंध नाही, असे चित्रकार जाहीर करीत आहेत.'

इथे अडले. माझ्या स्ट्रिपमधली गिरजा काल्पनिक नाही. गिरजा म्हणजे शकुंतलामावशी—आईची मोठी बहीण. तीन वर्षं मी तिच्याच घरात राहते. घरून, लाखांदूरहून, तुमसरचं मोजणीचं ऑफिस लांब पडतं, सिहोऱ्याजवळच्या या गावातून स्कुटीनं पाऊण तास. मावशी, तिची मुलगी डिंपल आणि मी. मावशी धान रोवणाऱ्या चौदा बायांच्या टोळीची पुढारी आहे. गिरजाही तेवढ्याच बायांची.

चेहरा मी काढत नाही. पाय, पाठ, हात, एवढंच. त्यामुळे कोणाला कळणार नाही, असं धरून चालले होते.

सही केलेली नाही.

५ जून, गुरुवार

१३१ गावात पोचली.

सकाळी भैय्यालाल दारात. गावातली सगळ्यांत मोठी सलग शेती त्याची, सात बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी आखलेले धानाचे सात तुकडे. मोबाइल पुढे धरून हसत होता. "अवो शकुंतलाबाई, हे पाय. हे तूच का वो?"

मी ओट्यावर बुटांच्या नाड्या बांधत होते. वर पाहिलं नाही.

स्ट्रिप अशी आहे. पहिली चौकट : गिरजा सडकेनं चालते, मागे ओल्या मातीत ठसे, दोन ठशांमध्ये नकाशात टाकतो तशी मापाची रेघ—६४ सेंमी. दुसरी : शेतकरी म्हणतो, "मोज बाई मायी बांधी." तिसरी : गिरजा धुऱ्यावरून चालते. ठसे, मापाची रेघ—५८ सेंमी. चौथी : शेतकरी डोकं खाजवतो, "यंदा मायं वावर वाढलं काय गा?" गिरजाची पाठ.

मावशीनं मोबाइल हातात घेतला. ती चौथी शिकलेली, वाचायला वेळ लागतो. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "पाय त मायाच दिसते. हे बोट पाय ना, अंगठ्यावर चढलेलं."

भैय्यालाल खो-खो हसला. तीही हसली. माझी गाठ दोनदा सुटली.

रात्री जेवताना मावशीनं अंबाडीच्या भाजीत मीठ बरोबर आहे का ते विचारलं. डिंपलच्या निकालाचं विचारलं. माझी मोजणीची काठीवाली मशीन चिखलाच्या बांधीत चालते का, ते विचारलं. चित्राचा विषय नाही. मी म्हटलं, चालते. आणखी भात घेतला.

८ जून, रविवार

आता कोणी हसत नाही.

भैय्यालालच्या वीरेंद्रनं हिशेब मांडला. तो बीएस्सी आहे, त्याला येतं. रोवणा गुत्त्यावर असतो, एकरामागे ठरलेल्या पैशांवर. एकर किती, ते मावशी पावलांनी मोजून सांगते. सातबारा कोणी काढत नाही, कारण त्यात धुरे, विहीर, पडीक सगळंच येतं. पानठेल्यावर वीरेंद्र म्हणाला म्हणे, "शंभर पावलं लांब, शंभर पावलं रुंद म्हंजे एकर. पाऊल अठ्ठावन्नचं टाकलं, त पाच एकराचे सहा होते. आमच्या सात बांध्या सहा एकर सांगतल्या होत्या तिनं मांगच्या साली!"

त्याची आकडेमोड बरोबर आहे. मी तपासली. ०.८३ येतं.

आकडे माझेच आहेत ना.

मागच्या जुलैत, रोवण्याच्या तिसऱ्या दिवशी, मी मावशीच्या मागून गेले होते. धुऱ्यावरचे वीस ठसे टेपनं मोजले, सरासरी ५८. मग सडकेवरचे वीस. ६४. दोन्हीकडे फरक एखाद्या सेंटिमीटरच्या आत. मला फार आनंद झाला होता. गाव ज्या बाईच्या पायावर विसंबतं, ती हळूच पाऊल आखडते—हे मी पकडलं होतं! राग नव्हता आला. चलाख वाटली होती ती मला. गिरजा अशीच पाहिजे, असं वाटलं. चार महिने थांबून काढली. थांबले म्हणजे कोणी जोडणार नाही, असा हिशेब.

जोडलं. बोट अचूक काढलं होतं मी.

११ जून, बुधवार

टोळीतली सीताबाई आज सांगून गेली, "दोघा किसानांनी मले इचारलं, तू पुढारी होतेस काय मनून. शकुंतला नको मने." मावशी सूप पाखडत होती. पाखडतच राहिली. "मंग हो ना. काहून नाई झालीस?"

"तू बसली त मी कशी होऊ वो!"

"मी कुठं बसली? हे पाय, उभी हाय." आणि खरंच उठून उभी राहिली. सीताबाई हसत गेली. ती गेल्यावर मावशी पुन्हा बसली, पण सूप हातात घेतलं नाही.

डिंपल माझ्या पानाची चाहती आहे. तिला माहीत नाही. "ताई, हा धुरावाला आपल्याच इकडचा हाय. याले पेंडा, पऱ्हे, सगडं ठाऊक हाय. कोन असंन?"

"असेल कोणी."

"मले भेटला त मी त्याले इचारीन, तुले काय केलं होतं गा माया मायनं?"

मी टॅब चार्जिंगला लावला. पडदा खाली करून.

१२ जून

अनुजाताईंचा मेसेज : सही? सोबत हसरा चेहरा.

१३ जून, शुक्रवार

भैय्यालालच्या अंगणात पंधराएक किसान बसले. मावशीला बोलावलं होतं, मी आणि डिंपल सोबत गेलो.

भैय्यालाल भला माणूस आहे. त्याला हे नकोच होतं. "शकुंतलाबाई, वीस साल झाले, तू सांगन तो एकर. मी कधी इचारलं काय? पन आता पोट्टे आयकत नाई. त आपन असं करू—मशीननं मोजू. मायी बांधी. मशीन बी आपल्याच घरची हाय, तृप्तीची. तिचं ऑफिस रस्ते मोजते, बांधी मोजाले काय लागते?"

वीरेंद्र म्हणाला, "ती त तिच्याच घरची ना बाबूजी."

"आबे, मशीन घरची असते काय? आकडा आकडा रायते!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मावशीनं पाहिलं नाही. पदर खोचत म्हणाली, "मोजू द्या तिले."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

१४ जून, शनिवार

साहेबांना विचारून रोव्हर, म्हणजे ती काठीवाली मशीन, घरी आणला. "रविवारी वापर. बॅटरी भरून परत दे," म्हणाले.

उद्या काय येणार ते मला माहीत आहे. ती सहा म्हणाली होती, पाच येतील. ते मला त्या अंगणात, तिच्यासमोर, मोठ्यानं सांगावं लागेल. आधी चित्रात, आता आकड्यात. दोन्ही वेळा मीच.

खोटं सांगता येईल का, याचा दुपारभर विचार केला. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाही सांगणार नाही. बांधीच्या आतल्या कडेनं न जाता धुऱ्याच्या बाहेरच्या कडेनं काठी धरत गेले, तर क्षेत्र चारेक टक्क्यांनी वाढतं. वीस होत नाही. दोन बांध्यांचे कोपरे चुकवले तर आणखी दोन. तरी नाही. उरलेलं सरळ आकडा बदलूनच करावं लागेल, आणि वीरेंद्र स्क्रीन पाहणार.

हे सगळं मी नीट कागदावर काढलं होतं, आकृतीसकट. मग कागद फाडला.

सात वर्षांत मी एकही माप बदललेलं नाही. आयटीआयमध्ये एकदा सगळ्या वर्गाचं सारखं उत्तर आलं आणि माझं एकटीचं वेगळं, तेव्हाही नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? एकशे सेहेचाळीस स्ट्रिप, मुलांच्या मासिकाची दोन मुखपृष्ठं, साप चावल्यावर काय करावं त्याचं एक पत्रक. लोकांना आवडतात ती याचसाठी की त्यांत सगळं मापात असतं. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्याची गाठ खरी, विळ्याचा बाक खरा.

मावशी विचारून गेली, "सकाडी किती वाजता जाचं?" मी म्हटलं, सहाला. ऊन व्हायच्या आत.

१५ जून, रविवार

सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू. बांधीच्या आतल्या कडेनं. प्रत्येक कोपरा, प्रत्येक वळण. वीरेंद्र मागे मागे, मान पुढे काढून. मावशी धुऱ्यावर उभी.

सात बांध्या. २४,१५० चौरस मीटर.

५.९७ एकर.

मला वाटलं काहीतरी सुटलं. तिसरी आणि पाचवी पुन्हा मोजली. तेच. वीरेंद्रनं माझ्याआधी भागाकार केला होता. त्यानं मोबाइल खिशात घातला.

मी मावशीकडे गेले. काठी हातातच. "मावशी, एकराला तू किती पावलं धरतेस?"

"एकशे दहा."

"शंभर नाही?"

"शंभर मानसायचे. मानूस रिकाम्या हातानं सडकेवानी चालते. बाई धुऱ्यावर चालते, डोक्यावर पऱ्ह्याचा पेंडा असते, खाली चिखोल. पाय आखूडच पडते ना? माया सासूनं सांगतलं होतं—आपला एकर एकशे दहाचा. तिले तिच्या सासूनं."

मी तिथेच मनात गुणाकार केला. ०.५८ गुणिले ११०, त्रेसष्ट पॉइंट आठ. वर्ग केला की चार हजार सत्तर. एकर चार हजार सत्तेचाळीसचा. अर्ध्या टक्क्याचा फरक—कोणा सासूच्या सासूचा, टेप नसताना!

पाऊल ती आखडत नव्हती. धुऱ्यावर ते तेवढंच पडतं. दोन वेगवेगळ्या जमिनींवरची मापं मी शेजारी ठेवली आणि फरकाला चोरी म्हटलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही ज्यासाठी झापतो, ती चूक. एकराला किती पावलं, हे सोबत राहून तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. शंभरच असणार, धरून चालले.

अंगणात मी आकडा सांगितला. आवाज सरळ होता. भैय्यालाल मांडीवर थाप मारून म्हणाला, "पाय! मशीनपेक्षा बाईचा पाय बरा! मशीनले त चार्जिंग बी लागते!" सगळे हसले. मावशीनं फक्त चहा घेतला.

मग कोणीतरी म्हणालं, "मंग त्या चित्रवाल्यानं कायले काढलं असं? भेटला पायजे एक डाव."

"गावातलाच असंन साला. बोटापर्यंत ठाऊक हाय त्याले."

डिंपल म्हणाली, "मले भेटू द्या पयले."

मी रोव्हरची काठी घडी करत होते. तीन कप्पे, तीन खटके. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. काठी पिशवीत घातली.

१६ जून

रोव्हर परत केला. बॅटरी भरून.

१८ जून, बुधवार

आकडा बरोबर निघाला म्हणून मोडलेलं जुळलं, असं नाही. दोन किसानांनी बालाघाटकडच्या टोळीला शब्द दिलाय. एकानं रोवण्याचं यंत्र सांगून ठेवलंय. "आता शब्द कसा फिरवू बाई?" असं मावशीला सांगून गेले, मान खाली घालून. भैय्यालालच्या सात बांध्या तेवढ्या हातात आहेत. तरी टोळीतल्या चौदाही बायांना यंदा आठवडाभराचं काम कमी.

सीताबाईची मुलगी तुमसरला नर्सिंगला आहे, फी रोवण्याच्या पैशांतून जाते. सीताबाई आज आली नाही.

१९ जून, गुरुवार

अनुजाताईंना फोन केला. सांगितलं, १३१ काढून टाकायची.

"अहो, का? सगळ्यांत जास्त शेअर झालेली आहे ती!"

"चुकीची आहे."

"चित्रात चूक-बरोबर काय असतं तृप्ती? गंमत आहे ती."

"माप चुकीचं लावलंय. ती बाई खरी आहे."

 मग वेगळ्या स्वरात, "खरी म्हणजे? मग कलम सात..." तिकडे पानं उलटल्याचा आवाज. "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. आमचे वकील ऐकणार नाहीत. त्यांची लेखी संमती आणा. नाव, सही, तारीख. महिनाअखेरपर्यंत थांबते. नाहीतर दिवाळीत पुस्तक येणं विसरा."

संमतीचा मसुदा ईमेलवर आला. पाच ओळी. ऑफिसात प्रिंट काढला.

२१ जून, शनिवार

सांगितलं.

दुपारी मावशी अंगणात पोती शिवत होती. डिंपल सिहोऱ्याला गेलेली. मी टॅब तिच्या मांडीवर ठेवला आणि १३१ उघडली—पानावर टाकलेली नव्हे, मूळ फाइल, थरांसकट. पेन्सिलचा थर दाखवला, शाईचा दाखवला. म्हटलं, "हे मी काढलं. हे सगळंच मी काढते. दोन वर्षांपासून."

दाभण थांबलं. पण ती दचकली नाही. मी तयारी केली होती ती रडण्याची, ओरडण्याची. तिनं बोटानं चौकट मोठी केली—हे तिला कधी जमायला लागलं?—आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"पेंडा कुठं हाय?"

"काय?"

"डोक्यावर पेंडा काढला नाई तू. बाई धुऱ्यावर रिकामी कायले फिरन? रिकामी काढली, म्हनूनच चोर दिसते."

मी पाहिलं. खरंच. ठसे मोजायच्या नादात मी त्या दिवशी वर पाहिलंच नव्हतं.

मग कागद दिला. तिनं पाचही ओळी ओठ हलवत वाचल्या. परत दिला.

"सही नाई करत."

"बरं."

"बरं काय, बरं? काहून ते त इचार!" पहिल्यांदा आवाज चढला. "कदीच काई इचारत नाईस तू. मांगून मांगून पायतेस. कोंबडीवर नजर ठेवल्यावानी!"

"काहून?"

"हे खोटं हाय मनून. खोट्याच्या खाली माया नावाची सही कायले पायजे? आन सीताचं काम गेलं ते? मायं नाव मशीननं धुतलं, तिचं काम कोन आनन?"

मी टॅब उचलून आत गेले. 

२२ जून, रविवार

१३१ नव्यानं काढली. अकरा तास.

मावशीला डोक्यावर पेंडा घेऊन ओट्यावर चालायला लावलं. चिखल नव्हता, म्हणून डिंपलनं बादलीभर पाणी ओतलं. तिला मी सकाळीच सांगितलं होतं. ती दोन तास माझ्याशी बोलली नाही, मग बादली घेऊन आली आणि अर्धी माझ्या पायांवर ओतली.

चार चौकटी. सडक, ६४. धुरा, पेंडा, ५८. तिसऱ्या चौकटीत तीन सासवा एकीमागे एक, सगळ्यांच्या पाठी, सगळ्यांच्या डोक्यावर पेंडे, खाली ११०. चौथीत शेतकरी काठीवाली मशीन धरून उभा आणि गिरजा विचारते, "जुडलं काय भाऊ?"

खाली लिहिलं : मागची १३१ चुकीची होती. माप माझं, चूक माझी. आणि पहिल्यांदाच माझं नाव—पूर्ण, गावासकट.

सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी टाकली.

२४ जून, मंगळवार

भैय्यालाल पानठेल्यावरून ओरडला, "चोर घरातच होता मना!" हसत होता, पण पूर्ण नाही. वीरेंद्रनं स्कुटी अडवली. म्हणाला, "मले तोंडावर पाडलं ना तुमी, मॅडम." मी म्हटलं, "हो. तुमची आकडेमोड बरोबर होती. मापं मी चुकीची लावली." तो बाजूला झाला.

टोळीतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. सीताबाई विहिरीवर मला पाहून म्हणाली, मला नाही, हवेला : "आता पाय धुवाले बी डर लागते. कोनी मोजन." हे झेलावंच लागेल. किती दिवस, माहीत नाही.

यंत्र सांगितलेल्या किसानाकडे मी आज स्वतः गेले. नवी स्ट्रिप दाखवली, सात बांध्यांचा नकाशा दाखवला. म्हटलं, नुकसान माझ्यामुळे झालंय, बायांचं काम परत द्या. तो म्हणाला, "पायतो." पायतो म्हणजे काय, ते इथे कोणी सांगू शकत नाही. पण बसायला खाट टाकली.

संमतीचा कागद आरशामागे खोचलेला आहे. मी काढला नाही. मावशीनंही नाही.

२६ जून, गुरुवार

आज कागद माझ्या टेबलावर होता. सही केलेला. 'शकुंतला' मोठ्या अक्षरांत, रेघेच्या वर चढलेलं. खाली पेन्सिलीनं : पेंडेवाली असंन तरच.

डिंपलला म्हटलं, बरं झालं भैय्यालालला मशीनचं सुचलं, नाहीतर मला कधी कळलंच नसतं.

"त्याले कुठं सुचते, ताई! मायनं सांगतलं त्याले. तुले सांगू नको म्हने मले. मांगच्या साली तू ठशांवर टेप लावून बसली होतीस ना, मायनं पाह्यलं होतं."

"कधी सांगितलं त्याला?"

"चित्र पाह्यलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाडीच गेली त्याच्याकडं. पयले तुले इचारलं ना तिनं, जेवताना. मशीन बांधीत चालते काय मनून."

पाच जून. मी म्हटलं होतं, चालते. आणि आणखी भात घेतला होता.